गोळी लागेपर्यंत

सकाळची गोळी घेतली की बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे आणि मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडायची. मग आम्ही दोघंही वाट बघायचो. ते आपलं अंग मोकळं होण्याची, मी स्क्रीनवरचे आकडे कुठेतरी स्थिरावण्याची. सदाशिव पेठेतल्या आमच्या त्या दोन खोल्यांत ऊन थेट कधी आलंच नाही. समोरच्या इमारतीच्या काचांवर पडून ते परतायचं आणि आमच्या भिंतीवर यायचं. त्यामुळे सकाळचा उजेड नेहमी थोडा हलता असायचा, पाण्यात डोळे उघडल्यावर दिसतो तसा. पंख्याचा आवाज, खाली कुणीतरी स्कूटर सुरू करण्याचा प्रयत्न करतंय, आणि बाबांचा डावा हात मांडीवर आपला आपण थरथरतोय. त्या दिवसांचं आठवायला गेलं की हेच आधी आठवतं.

बाबांना कंपवात आहे. आई गेल्यानंतर ते वर्ध्याला एकटेच राहायचे. तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, स्वतःची भाकरी स्वतः करून खाणारे. एकदा मी गेले तर शर्टाची बटणं लावता येत नाहीत म्हणून त्यांनी सगळे शर्ट बाजूला ठेवून टी-शर्ट घालायला सुरुवात केली होती. "गरमी होऊन राहिली ना," म्हणाले. मी त्यांना पुण्याला घेऊन आले. आठवड्यातले काही दिवस घरून काम करण्याची मुभा मला ऑफिसने दिली होती, त्यामुळे जमलं.

माझं ऑफिस हडपसरला. औषध कंपन्या नव्या गोळीची चाचणी घेतात तेव्हा निरोगी स्वयंसेवकांना ती गोळी देतात आणि मग दिवसभर थोड्या थोड्या वेळाने त्यांचं रक्त तपासतात. रक्तात औषध किती आलं, त्याचे आकडे आमच्याकडे येतात. कागदावर मांडले तर प्रत्येक माणसाची एक टेकडी तयार होते. औषध पोटातून रक्तात शिरतं तसा चढ, आणि यकृत नि मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात तसा लांबच लांब उतार. या सगळ्या टेकड्यांना लागू पडेल असं एक गणित शोधायचं, म्हणजे औषध किती वेगाने आत येतं आणि किती वेगाने बाहेर जातं हे सांगणारं. ते शोधणारं सॉफ्टवेअर असतं. आपण त्याला सुरुवातीचा एक अंदाज द्यायचा. ते तो जरासा सरकवतं, रेघ ठिपक्यांच्या जवळ आली का बघतं, पुन्हा सरकवतं. असं करत करत एका जागी थांबलं, की आम्ही म्हणतो, मॉडेल बसलं.

मी संख्याशास्त्र शिकलेली. गोळ्यांशी माझा संबंध आकड्यांपुरताच. आणि ज्या गोळीचं काम तेव्हा माझ्याकडे होतं, तिचं मॉडेल काही केल्या बसत नव्हतं.

दुखण्यावरची, हळूहळू विरघळणारी गोळी होती. बहुतेकांच्या टेकड्या शहाण्यासारख्या होत्या. पण काही जणांच्या बाबतीत गोळी घेतल्यानंतर बराच वेळ रक्तात काहीच नाही, सपाट रेघ, आणि मग उशिरा चढ. सॉफ्टवेअर या लोकांपाशी आलं की अडखळायचं. आकडा खाली-वर, खाली-वर होत राहायचा आणि शेवटी लाल अक्षरांत निरोप यायचा की उत्तर सापडलं नाही.

आधी मी डेटावर संशय घेतला. तो घ्यायलाच हवा होता. एका माणसाच्या वेळा दुपारच्या बारानंतर पुन्हा एकपासून सुरू झाल्या होत्या, म्हणजे त्याचं संध्याकाळचं रक्त सकाळीच काढलं गेलं असं सॉफ्टवेअर समजत होतं. ते दुरुस्त केलं. जिथे औषध मोजण्याइतकंही नव्हतं तिथे कुणीतरी शून्य भरलं होतं, आणि आमचं गणित शून्यापाशी कोलमडतं. तेही नीट केलं. एवढं केल्यावर आता बसेल असं वाटलं. नाही बसलं.

मग एक वेगळाच खेळ सुरू झाला. एका अंदाजापासून सुरुवात केली की सॉफ्टवेअर म्हणायचं, औषध झटकन आत येतं आणि सावकाश बाहेर जातं. दुसऱ्या अंदाजापासून केली की म्हणायचं, सावकाश आत येतं आणि झटकन बाहेर जातं. रेघ दोन्ही वेळा तीच. दोन माणसांनी हसत हसत खुर्च्या बदलाव्यात तसे ते दोन वेग आपल्या जागा बदलत होते आणि बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नव्हतं.

मी हे घेऊन मॅडमकडे गेले. मॅडम म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख. नारायण पेठेत जन्म, तिथेच घर, आणि बोलणं असं की समोरच्याला आपण जास्त बोललो असं वाटावं.

"मॉडेल बसत नाहीये," मी म्हणाले.

"मग उभं राहू दे. दमलं की बसेल."

मी तशीच उभी राहिले. त्यांनी चष्मा वर केला आणि माझ्या दोन्ही रेघा बघितल्या. मग त्यांनी एक जुना अभ्यास शोधून दिला. हेच औषध कधीतरी शिरेतून दिलेलं होतं. शिरेतून दिलं की आत शिरण्याचा प्रश्नच नाही, फक्त बाहेर जाण्याचा वेग दिसतो. तो वेग एकदा कळल्यावर खुर्च्या बदलण्याचा खेळ थांबला. औषध सावकाश आत येत होतं, हे नक्की झालं.

"आता?" त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं.

"ते उशिरावाले अजून अडतात."

"अडू देत. अडतात तिथेच काहीतरी असतं," त्या म्हणाल्या आणि आपल्या स्क्रीनकडे वळल्या.

हडपसरहून परत येताना बस उड्डाणपुलावर चढली की मला झोप यायची. पूर्ण नाही, अर्धवट. खिडकीच्या काचेला डोकं टेकलेलं, खाली भाजीबाजारातले दिवे, आणि डोळ्यांपुढे त्या टेकड्या. पर्वतीचा उतार दिसला की मी मनातल्या मनात त्याचा वेग काढायची. पुलाचा चढ, पुलाचा उतार. कंडक्टरने हाक मारली तरी मी त्या माणसांचा विचार करत असायची ज्यांची नावंही मला माहीत नव्हती, फक्त क्रमांक माहीत होते. सकाळी उपाशीपोटी त्यांनी गोळी गिळली असेल, पलंगावर बसले असतील, हाताला सुई लावलेली, आणि काही जणांच्या पोटात ती गोळी अजून नुसतीच पडून राहिली असेल.

घरी आमचंही तेच चाललं होतं. कधी गोळी घेतली की थोड्याच वेळात बाबा उठून गॅलरीत जायचे, तर कधी दुपारचं जेवण झालं तरी पाय फरशीला चिकटलेले. त्यांचा त्यावर एक विनोद होता. अंग मोकळं झालं की छातीवर हात ठेवून म्हणायचे, "लागली! मले गोळी लागली!" लढाईतल्या शिपायासारखे. मी कितीही वेळा ऐकलं तरी हसायची, कारण तो विनोद करण्याइतका आवाज परत आला, हीच बातमी असायची. गोळी लागेपर्यंत त्यांचा आवाज इतका बारीक असायचा की पहाटेची वंदना ते म्हणताहेत की नुसते ओठ हलताहेत, हे मला कळायचं नाही.

आम्ही पेठेतल्याच एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बाबांना चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, आणि मग विचारलं, "गोळी कशाबरोबर घेता?"

"दुधासंगं," बाबा म्हणाले. "नाहीतर पोटाले लागते ना."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "दूध मांजराला द्या. गोळी पाण्याबरोबर, जेवणाच्या बऱ्याच आधी. दुधातली, डाळीतली प्रथिनं आणि ही गोळी, दोघांची आत शिरायची वाट एकच. तुम्ही दूध आधी पाठवलंत तर गोळी बाहेर ताटकळत उभी राहणार."

बाबांना हे फार आवडलं. घरी येताना जिन्यात थांबून म्हणाले, "ताटकळत उभी राहते म्हणे. आपल्या कचेरीतल्या लोकांसारखी."

दूध बंद केल्यावर बराच फरक पडला. पण उशीर गेला नाही. डॉक्टर म्हणाले होते की या आजारात पोटही मंद होतं, त्याला इलाज थोडा आहे आणि धीर जास्त लागतो. पुढच्या भेटीत निघताना बाबांनी त्यांना दारात अचानक विचारलं, "पोहलो तर चालते काय?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मीही चकित झाले होते.

"पोहता येतं तुम्हाला?"

"येते म्हणजे!" बाबा म्हणाले.

त्यांच्या लहानपणी गावातल्या विहिरीवर आमच्या लोकांना चढू देत नसत. पाणी कुणीतरी वरून ओतायचं. म्हणून वस्तीतली पोरं नदीवर जायची. नदीला कुणी अडवत नव्हतं. बाबा तिथे पोहायला शिकले, कुणी न शिकवता. नोकरी लागल्यावर रविवारी मला सायकलवर बसवून त्याच नदीवर न्यायचे. माझ्या पोटाखाली हात धरून म्हणायचे, "हात-पाय मार, मी आहो." पुढे कधीतरी त्यांनी हात काढून घेतला असणार. मला तो क्षण माहीत नाही.

डॉक्टरांनी परवानगी दिली, पण कडक अटी घातल्या. उथळ बाजूलाच राहायचं. मी पाण्यात हाताच्या अंतरावर. जीवरक्षकाला आधी सांगून ठेवायचं. आणि अंग मोकळं झाल्याशिवाय पायही ओला करायचा नाही.

अशा रीतीने एका सुट्टीच्या सकाळी आम्ही पोहण्याच्या तलावावर गेलो. मार्च संपत आला होता. पाण्यावर सकाळची निळी झाक होती आणि फरश्यांवर पिवळी पानं चिकटलेली होती. बाबांनी रिक्षात बसण्याआधी गोळी घेतली होती, पण आम्ही पोचलो तरी ती लागली नव्हती. आम्ही काठावरच्या बाकावर बसलो. आमच्या बॅचची माणसं एक एक करून पाण्यात उतरली. कुणीतरी पाठीवर पडून संथ हात मारत होतं. पाण्याचा आवाज आणि क्लोरीनचा वास. बाबा पाण्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा या आजारात मुखवट्यासारखा होतो, हसू नाही, रागही नाही, त्यामुळे त्यांना वाईट वाटतंय की नाही हे मला कळत नव्हतं.

"परत जाऊ या का?" मी विचारलं.

"थांब. येऊन राहिली."

"कसं कळतं?"

त्यांनी जरा विचार केला. "आधी अंगठा," म्हणाले.

मी त्यांच्या डाव्या पायाकडे बघितलं. आत वळलेला अंगठा हळूच सुटा होत होता. मग बोटं. मग बराच वेळ काही नाही. मग खांदा थोडा खाली आला, जसं कुणीतरी त्यांच्या पाठीवरचं ओझं उचलून न बोलता निघून गेलं. हात अजून थरथरत होताच, पण कमी. त्यांनी पापण्या मिटल्या, उघडल्या. आवाज आला, जरा जाड. "पाणी चांगलं दिसून राहिलं." शेवटी हात थांबला. या सगळ्याला किती वेळ गेला मी सांगू शकणार नाही. मी घड्याळ बघितलं नाही. बघावंसं वाटलं नाही. मला एवढंच दिसत होतं की ती गोळी त्यांच्यात एखाद्या दिव्यासारखी लागली नव्हती, झिरपत आली होती, एका जागेतून दुसऱ्या जागेत.

आम्ही पायऱ्यांवरून उतरलो. छातीएवढ्या पाण्यात ते काही वेळ नुसते उभे राहिले. जमिनीवर ज्यांना वळताना चार वेळा अडखळायला व्हायचं, ते पाण्यात सहज वळले. मग पुढे झुकले आणि हात मारला. डोकं वर ठेवून, गावाकडच्या पद्धतीने, दोन्ही हातांनी पाणी बाजूला सारत. मी शेजारून चालत होते. काही हात मारून झाले आणि ते एकदम थांबले. हात पुढे ताणलेला तसाच राहिला. मी त्यांच्या पोटाखाली हात घातला, वरून जीवरक्षकाची शिट्टी वाजली. पण बाबा बुडत नव्हते. ते माझ्या हातावर अलगद उलटे झाले, तोंड आकाशाकडे, कान पाण्यात.

"काय झालं? बाबा?"

"काई नाई. हात थांबला. येते परत."

"बाहेर जाऊ या."

"थांब ना माय. पाहू दे जरा."

जीवरक्षक काठावर वाकून उभा होता. मी त्याला हाताने ठीक आहे अशी खूण केली, पण माझे हात बाबांच्या पाठीखालून मी काढले नाहीत. ते तरंगत होते. वर गुलमोहराच्या फांद्या होत्या आणि त्यांच्यामधून आकाश. मी ते बघितलं कारण ते बघत होते. त्यांचं वजन माझ्या तळव्यांवर जवळजवळ नव्हतंच. शिट्ट्या, हाका, रस्त्यावरचे हॉर्न, सगळं लांब गेलं होतं. मला एक क्षण असंही वाटलं की आम्ही दोघं असेच राहू आणि कुणी आम्हाला बोलवायला येणार नाही. मग त्यांचा हात हलला. त्यांनी तो पाण्यातून वर काढला, बघितला, आणि म्हणाले, "चाल."

त्या आठवड्यात ऑफिसात एक कॉल झाला. ज्यांची गोळी होती त्या कंपनीचे लोक पलीकडे होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. उशिरावाली माणसं थोडी आहेत, ती गणितातून काढून टाका, मॉडेल लगेच बसेल, सगळ्यांचा वेळ वाचेल. कॉल संपल्यावर मॅडम माझ्याकडे वळल्या.

"काढायची का?"

"नाही," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "ती चुकीची नाहीत मॅडम. त्यांना औषध मिळालं, उशिरा मिळालं. आपण त्यांना काढलं, तर उद्या ज्यांचं पोट असंच आहे त्यांना आपण सांगणार की गोळी इतक्या वेळात लागते. आणि ती लागणार नाही. मग ते दुसरी घेतील, आणि दोन्ही एकदम लागतील."

मॅडमनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. "बरं. तुमच्या मॉडेलमध्ये ही गोळी जागी कशी होते?"

"म्हणजे?"

"उशीर धरला आहे ना तुम्ही? तो कसा धरलाय?"

मी सांगितलं. उशिरासाठी मी एक वेळ ठेवली होती. त्या वेळेपर्यंत रक्तात शून्य, आणि ती वेळ झाली की औषध एकदम आत यायला लागतं.

"एकदम," मॅडम म्हणाल्या. "घंटा वाजल्यासारखं."

"हो."

"असं होतं का कुठे?"

मला बाबांचा अंगठा आठवला. मग बोटं, मग बराच वेळ काही नाही, मग खांदा. मी जागेवर परत आले आणि खूप वेळ काहीच टाइप केलं नाही. खिडकीबाहेर कालव्यावर ऊन पडलं होतं आणि कुणीतरी काठाकाठाने सायकल हातात धरून चाललं होतं.

उपाय मी शोधून काढला नाही. तो आमच्या क्षेत्रात लोकांना आधीपासून माहीत आहे, मीही कुठेतरी वाचला होता, पण उगाच गुंतागुंत म्हणून बाजूला ठेवला होता. गोळी आणि रक्त यांच्यामध्ये एक दार ठेवायचं नाही, लहान लहान खोल्यांची ओळ ठेवायची. औषध पहिल्या खोलीतून दुसरीत जातं, दुसरीतून तिसरीत, प्रत्येक ठिकाणी थोडं रेंगाळतं आणि शेवटच्या खोलीतून रक्तात येतं. मग चढ अचानक सुरू होत नाही, हळूहळू उचलला जातो. सॉफ्टवेअर अडायचं त्याचं कारणही हेच होतं. अंदाज जरासा सरकवून बघणं एवढंच त्याला येतं, आणि मी त्याच्यापुढे एक कडा उभा केला होता. कड्याच्या अलीकडे सगळं शून्य, पलीकडे सगळं आहे. सरकायला मध्ये जागाच नव्हती. खोल्यांच्या ओळीने त्याला उतार मिळाला.

मी ते लिहिलं आणि सुरू केलं. आकडे हलले, आणखी थोडे हलले, आणि थांबले. मला विश्वास बसेना. मी मुद्दाम वेडेवाकडे अंदाज देऊन पुन्हा सुरू केलं. तिथूनही तिथेच आलं. उशिरावाल्यांच्या ठिपक्यांमधून रेघ सावकाश वर चढत गेली, सपाट जागेतून, कुठेही न तुटता. एकच माणूस राहिला, त्याच्या टेकडीला दोन शिखरं होती आणि ती माझ्या कोणत्याच ओळीत मावली नाहीत. त्याला मी तसंच ठेवलं आणि अहवालात लिहिलं की याचं आम्हाला कळलेलं नाही.

मॅडमनी सगळ्या रेघा बघितल्या. दोन शिखरांवाल्यापाशी थांबल्या. मग म्हणाल्या, "बरं आहे."

नारायण पेठेतून याच्यापेक्षा जास्त कौतुक येत नाही, हे मला एव्हाना माहीत होतं. मी त्या दिवशी बसमध्ये झोपले नाही.

घरी बाबा जागेच होते, गॅलरीत. मी त्यांना सगळं सांगितलं, खोल्यांचंही. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे मी बी बसतो काय तुझ्या मॉडेलात?"

"तुमची गोळी वेगळी आहे, बाबा."

"पण बसतो?"

"थोडे थोडे," मी म्हणाले.

त्यांना ते पटलं. "थोडं थोडं बी लय झालं," म्हणाले, आणि मग वर्ध्याच्या एका मित्राचा फोन आला होता, त्याची गोष्ट सांगू लागले.

कंपनीच्या लोकांनी नंतर बरेच प्रश्न विचारले, पण शेवटी अहवाल तसाच गेला, सगळ्या माणसांसकट. आम्ही तलावावर जात राहिलो. कधी गोळी लागायची आणि बाबा पोहायचे, कधी बॅच संपेपर्यंत आम्ही बाकावरच बसून परत यायचो. त्या दुसऱ्या प्रकारच्या सकाळीही वाईट नव्हत्या. आजार त्याच्या चालीने पुढे सरकतो आहे. डॉक्टरांनी गोळी बदलली, पुन्हा बदलली. आता बाबांना पाण्यात पूर्वीइतका वेळ राहता येत नाही.

एका रविवारी दुपारी दाराची बेल वाजली, तर बाहेर मॅडम. हातात आंब्यांची पिशवी. न कळवता कुणाच्या घरी जाणं हे त्यांच्या स्वभावात अजिबात बसणारं नव्हतं, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावरही दिसत होतं.

"इकडे काम होतं," म्हणाल्या. नंतर कळलं की काही काम नव्हतं. त्यांच्या थोरल्या भावाला तोच आजार असल्याचं त्या आठवड्यात निघालं होतं.

बाबा खुर्चीत होते, दुपारची गोळी नुकतीच घेतलेली, चेहरा अजून बंद. मी ओळख करून दिली. मॅडम त्यांच्यासमोरच्या स्टुलावर बसल्या. मी चहा ठेवायला आत गेले, आणि आतून मला दोघांचं बोलणं ऐकू येत होतं, म्हणजे मॅडमचं येत होतं आणि बाबांचं जवळजवळ नाही.

"एक विचारू का? त्रास होणार नसेल तर."

बाबा काहीतरी म्हणाले.

"गोळी लागेपर्यंत आपण काय करता? म्हणजे, मनात काय असतं?"

चहाला उकळी आली, मी गॅस बारीक केला. मग बाबांचा आवाज आला, हळू, पण ऐकू येण्याइतका. "काई नाई. बसतो. आधी राग यायचा. आता बसतो. कोणी संगं बसलं तर बरं वाटते."

मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा दोघं खिडकीतून समोरच्या इमारतीकडे बघत होती. तिथे काही नव्हतं, वाळत घातलेले कपडे आणि काचांवरचं ऊन. चहा पिऊन झाला तरी मॅडम उठल्या नाहीत. आम्ही तिघं तसेच बसलो. ऊन भिंतीवरून सरकत कपाटापर्यंत गेलं.

मग बाबांनी छातीवर हात ठेवला. "लागली," म्हणाले.

मॅडम घाबरून उभ्याच राहिल्या. मी हसायला लागले, आणि विनोद समजावून सांगितल्यावर त्याही हसल्या. त्यांना तसं हसताना मी ऑफिसात कधी बघितलं नव्हतं. त्या निघाल्या तेव्हा बाबा म्हणाले, "चाला, खालपर्यंत येतो."

"अहो, कशाला जिना उतरताय?"

"आता उतरतो. मंग नाई उतरता येणार."

मी मागे जाणार होते, पण बाबांनी हातानेच नको म्हटलं. मी गॅलरीत गेले. बऱ्याच वेळाने दोघं खाली गल्लीत दिसली. मॅडमनी त्यांचा हात धरला नव्हता, पण त्यांच्या बरोबरीने एक एक पाऊल टाकत होत्या. कोपऱ्यावर रिक्षा थांबली. मॅडम तिच्यात बसल्या नाहीत. रिक्षावाल्याला हाताने थांब म्हणाल्या आणि बाबांशी बोलत राहिल्या. बाबा दोन्ही हातांनी हवेत काहीतरी दाखवत होते, पाणी बाजूला सारल्यासारखं. वरून मला एक अक्षरही ऐकू येत नव्हतं. रिक्षावाल्याने शेवटी इंजिन बंद केलं.